फुंकऱ्याला वन्स मोअर

‘फुंकर’ प्रदर्शित झाला त्या शुक्रवारी पुण्याच्या एका चित्रगृहात तातडीने तंत्रज्ञ पाठवावे लागले. खेळ भरगच्च होता, पण तिथल्या खुर्च्यांकडून काहीच येत नव्हते. तंत्रज्ञांनी खुर्च्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. खुर्च्या ठणठणीत होत्या. प्रेक्षक पुण्याचे होते, इतकेच. नागपुरात लोक दुपारच्या खेळाला गारव्यासाठी आले आणि झोपले, त्यांची ती झोप ‘शांतरस’ म्हणून नोंदली गेली. कोल्हापुरात शिट्ट्या इतक्या झाल्या की नायकाची पहिली एंट्री आपोआप लांबत लांबत गेली आणि तो बिचारा बराच वेळ नुसताच चालत राहिला. सांगलीत जे झाले त्याची मात्र ही गोष्ट आहे, आणि ती हसण्याची नाही.

खुर्च्यांकडून काय येत असे, हे आधी सांगायला हवे. येत असे ती दाद.

पूर्वी चित्रपट आधी पुरा होत असे आणि मग लोकांपुढे येत असे. लोक हसोत, रडोत की उठून जावोत, पडद्याला त्याचा पत्ता नसे. नाटकाचे तसे नव्हते. कसलेला नट अंधारात बसलेल्या माणसांचा श्वास ऐकून वाक्य लांबवायचा, एखादी जागा आवरती घ्यायचा. पडद्यालाही असेच कान फुटले तर, या एका कल्पनेतून दादपट जन्माला आला. खुर्चीच्या पाठीत आणि हातांत एक पातळ पडदी बसवलेली असते. बसणाऱ्याच्या छातीचे ठोके, श्वास, तळहाताचा घाम एवढे ती टिपते आणि चित्रपटाला कळवते. चित्रपट आगाऊ चित्रित केलेला नसतोच. नटांचे चेहरे, आवाज, चालणे, बसणे यांचा साठा करून ठेवलेला असतो, त्याला रूपसाठा म्हणतात, आणि त्यातून प्रसंग तिथल्या तिथे घडवले जातात. लोकांचा जीव जिथे गुंतला तो प्रसंग वाढतो, जिथे जांभया आल्या तो गळतो. गावोगावच्या चित्रगृहांतली दाद रोज एकत्र होते आणि दुसऱ्या दिवशीचा चित्रपट आदल्या दिवसापेक्षा थोडा वेगळा होऊन येतो.

पहिला महिनाभर हे चालते. या काळाला मुरण म्हणतात. बरणीतले लोणचे रोज हलवावे आणि खार सगळीकडे लागावा, तसेच हे. महिना संपला की बरणीचे तोंड बांधायचे. जे तयार झाले असेल ती पक्की प्रत, आणि तीत पुढे कधीही बदल होत नाही.

‘फुंकर’ हा जादूचा चित्रपट होता. रस्त्यावर खेळ करणारा एक साधा जादूगार, त्याला एके दिवशी खरीच जादू येऊ लागते. मूठ मिटायची, तिच्यावर फुंकर घालायची, की मोडलेले सांधते, जळणारे विझते, बंदुकीच्या गोळ्यांची जाईची फुले होतात. लोक त्याला फुंकऱ्या म्हणू लागतात. त्याच्याविरुद्ध विझव्या नावाचा एक दुष्ट, शहरातले दिवे आणि माणसांच्या आठवणी गिळणारा. गोष्टीत नवे फारसे नव्हते. पण पोरांनी ती डोक्यावर घेतली. सिग्नलला उभी असलेली शाळेची रिक्षा लाल दिव्याकडे मुठी रोखून फुंकू लागली आणि दिवा हिरवा झाला की आरोळी उठू लागली.

फुंकऱ्याचे काम सांगलीच्या सन्मती मगदूमने केले होते. केले होते म्हणणे बरोबर नाही. सन्मती मुंबईच्या स्टुडिओत काही आठवडे राहून रूपसाठा देऊन निघाला. हसून दाखव, रडून दाखव, धाव, पड, ऊठ, बाराखडी म्हण, असे सगळे. परतीच्या वाटेवर पहाटेच्या धुक्यात त्याची गाडी उभ्या ट्रकवर आदळली. पूर्वी नट गेला की चित्रपट अडत असे. आता अडत नाही. कंपनीची माणसे घरी येऊन गेली, हळहळली, आणि त्यांनी आईची परवानगी मागितली. आईने दिली. पोरगा निदान दिसेल तरी, एवढाच तिचा विचार होता.

रत्नप्रभा मगदूम या बाई मुलींच्या शाळेत गायन शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करत, तेही आता नव्हते. घरात दिवस मावळायच्या आत जेवायची रीत, म्हणून रत्नाकाकू दुपारच्या खेळाला आल्या. शाकुंतल चित्रगृहाचे व्यवस्थापक दस्तगीर मुजावर सन्मतीला लहानपणापासून ओळखत. त्यांनी स्वतः काकूंना खुर्चीपर्यंत आणून बसवले.

“पाणी ठिवलंय बाजूला. काय लागलं तर हाक मारा, मी दारातच हाय.”

“बसा की तुम्हीबी,” काकू म्हणाल्या.

“मला बघवणार नाही, काकू,” म्हणून दस्तगीरभाई बाहेर गेले.

दिवे मालवले आणि पडद्यावर सन्मती आला. काकूंचे काळीज धडधडले आणि लगेच शांत झाले. चेहरा त्याचा होता, आवाजही त्याचाच, पण तो सन्मती नव्हता. तो शहरी पोरांसारखा खांदे पाडून चालत होता. सगळे दात दाखवून हसत होता. पडद्यावरची त्याची आई पोळ्या लाटत होती, आणि मगदुमांच्या घरी भाकरी. काकू अंग चोरून बसून राहिल्या. कुणीतरी आपल्या मुलाचे कपडे घालून फिरते आहे असे त्यांना वाटत होते.

मग विझव्याशी लढायला निघताना फुंकऱ्या दारात वळला आणि म्हणाला, “आई, मी जातो.”

चित्रगृहात एकदम चुळबुळ झाली. मागच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानेच म्हणाली, “अगं बाई, जातो काय म्हणतोय मेला!”

घराबाहेर पडताना मराठी माणूस ‘येतो’ म्हणतो. जायचे असते तेव्हाच ‘येतो’ म्हणायचे असते. ‘जातो’ हा शब्द एकाच जाण्यासाठी राखून ठेवलेला आहे, आणि तो जाणाऱ्याने उच्चारायचा नसतो. फुंकऱ्याचे संवाद यंत्राने जुळवले होते, आणि यंत्राला कधी कुणी उंबऱ्यापर्यंत पोचवायला आले नव्हते. त्या एका शब्दासरशी सगळ्यांच्या छातीत धस्स झाले. रत्नाकाकूंच्या छातीत सगळ्यांत जास्त. खुर्च्यांनी ते टिपले, आणि जो प्रसंग छातीला लागतो त्यातले शब्द दादपट बदलून पाहतो.

दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग आला तेव्हा फुंकऱ्या म्हणाला, “आई, येतो.”

काकू दचकल्या. त्या परत आल्या होत्या ते कशासाठी, हे त्यांनाही सांगता आले नसते. पण तो ‘येतो’ ऐकल्यावर त्या रोज येऊ लागल्या. तीन-चार दिवसांत पडद्यावरच्या पोळ्या जाऊन भाकरी आली. मग त्याचे हसणे बदलले, ओठ मिटून, एका कोपऱ्यातून. खोटे बोलताना तो कानाची पाळी चोळू लागला. सन्मती जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या नेहमी उडी मारून उतरायचा आणि काकू नेहमी ओरडायच्या, एका दुपारी फुंकऱ्याने तशी उडी मारली आणि काकूंच्या तोंडून चित्रगृहात “हळू रे!” निघून गेले. शेजारचे लोक हसले. आणि मग एकदा दारातून निघताना तो ‘येतो गं’ म्हणाला, ‘गं’ थोडा लांबवून, सुरात सोडल्यासारखा. हा सूर त्याच्या बापाचा होता, ऑर्गनवाल्याचा. घरात दुसरे कुणी असे बोलत नव्हते.

बाहेर येऊन काकूंनी दस्तगीरभाईंचा हात धरला. “दस्तगीरभाई, तो यायला लागलाय हो.”

दस्तगीरभाईंनी रिक्षा बोलावली आणि रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगितले.

दादपट मुरत असताना चाचपणी करतो. अमुक झाले तर लोकांना कसे वाटेल, म्हणून मधूनच एखादा नवा प्रसंग घालून पाहतो. नाही लागू पडला तर टाकून देतो. एका दुपारी ‘फुंकर’ने नायकाला मारून पाहिले.

विझव्याने नदीवरचा पूल मधोमध तोडला. पुलावर पोरांनी भरलेली बस. फुंकऱ्याने मूठ मिटली आणि फुंकर घातली, पण पूल मोठा होता. त्याने छातीत होता नव्हता तेवढा श्वास त्यात ओतला. पूल सांधला, बस पार झाली, आणि फुंकऱ्या तिथेच कोसळला. आई धावत आली. तिच्या मांडीवर डोके ठेवून तो म्हणाला, “येतो गं.” आणि गेला.

चित्रगृह निःशब्द झाले. त्या शांततेत रत्नाकाकू उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, “वन्स मोअर!”

हे बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. सांगलीत वाटत नाही. संगीत नाटकात पद रंगले की लोक वन्स मोअर देतात आणि नटाने ते पुन्हा म्हणायचे असते, मग तो त्या क्षणी मरत का असेना. मेलेला नायक वन्स मोअर घेऊन उठतो, पद म्हणतो आणि पुन्हा मरतो. काकूंचे आयुष्य अशा नाटकांच्या विंगेत गेले होते. नवऱ्याने किती मेलेल्या राजपुत्रांना पुन्हा सूर धरून दिला होता, याच्या गोष्टी जेवताना घरात रंगायच्या आणि सन्मती हसून हसून लोळायचा. काकूंना तो ‘येतो गं’ पुन्हा ऐकायचा होता. कानात नीट धरून ठेवायच्या आत तो निसटला होता. त्यांना तेवढी एकच जागा पुन्हा हवी होती, बाकी काही नको होते.

पण दादपटाला शब्द ऐकू येत नाही आणि जागा कळत नाही, छाती उसळली तो प्रसंग तेवढा कळतो. पडद्यावर पूल पुन्हा अखंड झाला आणि पुन्हा तुटला. सन्मती पुन्हा उभा राहिला, त्याने पुन्हा छातीतला सगळा श्वास काढला, पुन्हा कोसळला. “येतो गं.”

लोक आधी हसले. मग मागून एक पोरगा ओरडला, “वन्स मोअर!” मग बाल्कनीतून कुणीतरी. सांगलीला तो ताल जन्मापासून ठाऊक. सन्मती उठला आणि मेला, उठला आणि मेला. काकूंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते आणि त्या “नको, नको” म्हणत होत्या. त्यांची छाती फुटायला आली होती. तेही खुर्चीने टिपले आणि दाद म्हणून पुढे पाठवले.

आठवडाभरात हे वेड महाराष्ट्रभर झाले. सोलापूर, ठाणे, अकोला, सगळीकडे पुलाचा प्रसंग आला की आरोळी. लोक त्याला ‘सांगली वन्स मोअर’ म्हणू लागले. पैजा लागू लागल्या की आज फुंकऱ्या किती वेळा मरेल. पुणेकरांनीही वन्स मोअर दिला, पण एकदाच. आणि नवल असे की हसत सुरुवात करणारे लोक शेवटी रडू लागायचे. तो मरायचाच तसा. दिवसेंदिवस अधिक खरा मरायचा. गर्दी आवरेना, खेळ वाढवावे लागले.

एका सकाळी काकूंच्या दारात एक बाई उभी राहिली. चाळिशीची, खांद्याला झोळी, चेहरा जागरणाने ओढलेला. दस्तगीरभाई सोबत होते.

“काकू, या डॉक्टर यामिनी वाटवे. मुंबईच्या. दादपटाचं यंत्र यांनीच काढलंय.”

काकूंनी त्यांना आत घेतले. शेंगांची चटणी आणि भाकरी पुढे ठेवली. यामिनी म्हणाली, भूक नाही. काकू म्हणाल्या, भाकरीला भूक लागत नाही, खा. मग ती खरंच खाऊ लागली.

“काकू, मी तुम्हाला शोधत आले नव्हते,” खाऊन झाल्यावर ती म्हणाली. “मी एका खुर्चीला शोधत आले होते. सगळ्या राज्याची दाद आमच्याकडे येते. त्यात सांगलीची एक खुर्ची अशी आहे, की तिच्यापुढे बाकीच्या सगळ्या मिळून हलक्या पडतात. मला वाटलं यंत्रात काहीतरी गोंधळ आहे.”

“एका खुर्चीनं काय होतंय? माणसं एवढी हजारांनी बघत्यात.”

“आमचं यंत्र माणसं मोजत नाही, तोलतं. ज्याचा जीव जास्त हलला त्याच्या दादेला जास्त वजन. मी असंच केलं होतं, मुद्दाम. मला वाटायचं, ज्याला खरं कळलं त्याचं चित्रपटानं ऐकावं.” तिने काकूंकडे पाहिले. “आणि जगात तुमच्याइतकं त्या मुलाला बघणारं दुसरं कोण असणार?”

“मग बरोबरच केलंत की. म्हणून तर तो आला. आधी तो नव्हताच. बाई, खरं सांगा, त्याला आठवतंय ना काहीतरी? मशिनीत त्याचं काहीतरी राहिलंय. नाहीतर बापाचा तो सूर त्याला कुठनं येणार?”

यामिनीने मान खाली घातली. शास्त्रज्ञाला खोटे बोलण्याची मुभा नसते असे तिला शिकवलेले होते. त्या क्षणी तिला ती शिकवण फार जड गेली.

“त्याला नाही आठवत, काकू. तुम्हाला आठवतं. यंत्र हजार तऱ्हांनी ‘येतो’ म्हणून बघतं. एका तऱ्हेला तुमची छाती हलली. मग त्याच्याजवळच्या तऱ्हा त्यानं करून पाहिल्या. जिथे तुम्ही जास्त हललात, तिकडे ते सरकत गेलं. डोळे बांधलेल्या माणसाला आपण ‘जवळ आलास, अजून जवळ’ म्हणत नेतो ना, तसं तुम्ही त्याला तुमच्या सन्मतीपर्यंत नेलंत. तो जो पडद्यावर आहे तो तुमच्यातून तिकडे गेलेला आहे.”

काकू बराच वेळ भांड्यावर झाकण नीट बसवत राहिल्या.

“आणि मरायला कोण शिकवलं त्याला?” त्यांनी विचारले.

दस्तगीरभाई खिडकीबाहेर बघू लागले.

“मीच,” काकू म्हणाल्या. “मी ओरडले त्या दिवशी.”

“तुमची चूक नाही. चूक माझी आहे. छाती आनंदानं धडधडते आणि दुःखानंही तशीच धडधडते. किती जोरात, ते आम्हाला कळतं. कशासाठी, ते कळत नाही. ‘हवं’ आणि ‘नको’ यंत्राला सारखंच ऐकू येतं. तुम्ही ‘नको’ म्हणालात आणि त्यानं अजून दिलं.”

“मग आता थांबवा की. तुम्ही काढलंय ना यंत्र?”

“शुक्रवारी मुरण संपतं. पक्की प्रत निघते. आता जसं चाललंय तसं राहिलं तर तिच्यात तो पुलावर मरतो. कायमचा. आमच्या कंपनीला तेच हवंय, तिकिटं खपताहेत.” यामिनी पुढे झुकली. “पण एक कायदा आहे. प्रेक्षकाला आपली दाद परत मागता येते. ती त्याची असते. तुम्ही मागितलीत तर तुमच्या खुर्चीनं दिलेलं सगळं मी पहिल्या दिवसापासून वजा करीन. मी करून बघितलंय. तुम्हाला वजा केलं की तो मरत नाही. बाकीचे लोक गंमत म्हणून ओरडतात, त्यांच्या ओरडण्यात वजन नाही. फुंकऱ्या जिंकतो, जगतो.”

“दाद मागायला लोक कोर्टात जातात,” काकू किंचित हसल्या. “मी टॉकीजात जाऊन मागायची. करा की मग. विचारताय काय?”

“सगळं वजा होईल, काकू.”

“म्हंजे?”

“तुमचं रडणं आणि तुमचं ओळखणं मला वेगळं करता येत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला. दोन्ही एकाच धडधडीत आहेत. मरण काढलं तर ती भाकरी जाते, पायऱ्यांवरची उडी जाते, कानाची पाळी जाते. सूर जातो. राहील तो पहिल्या दिवशीचा मुलगा. चेहरा तेवढा सन्मतीचा.”

“म्हणजे माझा पोरगा मरणार, नाहीतर दुसरा कोणतरी जगणार.”

“हो,” यामिनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवण्याचा तिने प्रयत्न केला नाही.

दस्तगीरभाईंना राहवेना. “काकू, ऱ्हाऊ द्या की तसंच. शिनिमात मरतोय तो. खरं का खोटं? निदान तुम्हाला रोज बघाय मिळतंय.”

काकू उठून भिंतीशी गेल्या. तिथे सन्मतीचा नाट्यस्पर्धेतला फोटो होता, काजळाने मिशी काढलेली, कपाळावर टिळा, कुठल्याशा नाटकातला. त्यांनी तो पदराने पुसला.

“दस्तगीरभाई, तो गेला ती सकाळ मला पाठ होती. फोन आला, मी कुकर बंद केला, चप्पल उलटी घातली. आणि त्याच्याआधी तो मुंबईला निघाला तेव्हा दारात काय बोलला, तेबी पाठ होतं. परवा मी आठवायला बसले तर पूल दिसला. दुसरं काही दिसंना. तो पूल आमच्यात कधी होता? माझ्या पोराचं जाणं माझं एकटीचं होतं. आता अकोल्यातली पोरं त्याच्यावर पैजा लावत्यात. त्यांचं काय चुकलं? मीच त्यांना शिकवलं, वन्स मोअर म्हणून. एकदा गेला तेवढं पुरं झालं की हो. रोज कशाला मारायचा?”

त्यांनी फोटो पुन्हा सरळ केला.

“मला एक दुपार द्या,” काकू यामिनीला म्हणाल्या. “मग करा वजा.”

गुरुवारी दुपारी दस्तगीरभाईंनी तो खेळ काकूंसाठी रिकामा ठेवला. वरच्या लोकांना काय सांगितले ते त्यांनाच माहीत. शेवटच्या रांगेतल्या खुर्च्यांची दाद बंद करून यामिनी तिथे बसली, आणि या वेळी दस्तगीरभाईही आत आले. काकूंनी सन्मतीला आवडायची ती मोरपिशी साडी नेसली होती. कुणी ओरडणारे नव्हते, शिट्टी मारणारे नव्हते. एक माणूस आणि एक चित्रपट, असे दादपटाच्या इतिहासात आधी झाले नव्हते, आणि त्याचा परिणाम काय होईल हे यामिनीलाही ठाऊक नव्हते.

दाद देणारी एकच असल्यामुळे पडदा फक्त तिचेच ऐकत गेला. विझव्या हळूहळू मागे पडला. बंदुका, आगी, फुले, सगळे विरळ होत गेले. जादू तर कुठे उरलीच नाही. बराच वेळ सन्मती नुसता घरात वावरत होता. शर्टाची बटणे लावत होता, डबे उघडून शेंगदाणे खात होता, आरशात बघून भाषणाचा सराव करत होता. काकू हसत होत्या, मधूनच काही बोलत होत्या. मागे दोघांना ते ऐकू येत नव्हते आणि त्यांनी ऐकण्याचा प्रयत्नही केला नाही. यामिनीच्या मनात एकदा येऊन गेले की हे असेच चालू ठेवले तर ही बाई इथून कधीच उठणार नाही. आणि लगेच तिच्या मनात आले की अशा बायका, असे बाप, गावोगाव किती असतील.

पण छाती एकाच ठिकाणी फार वेळ शांत राहत नाही. तो घरात आहे या सुखात तो नाही ही जाणीव मिसळलेली होतीच. ती वर आली, खुर्चीने ती टिपली, आणि घराच्या भिंती हलून त्यांच्या जागी पूल आला. सन्मतीने श्वास घेतला. दस्तगीरभाईंनी डोळ्यांवर हात ठेवले.

मांडीवर डोके ठेवून तो म्हणाला, “येतो गं.”

‘येतो’ला एकच उत्तर असते. काकूंनी ते आजवर दिले नव्हते, पहिल्यांदा ओरडण्यात आणि नंतर रडण्यात राहून गेले होते. आता त्या शांतपणे म्हणाल्या, “ये, बाळा.”

पडदा काळा झाला. काकू पाणी प्यायल्या, पदर सावरला आणि मागे वळून म्हणाल्या, “करा, बाई.”

पक्की प्रत शनिवारी सगळीकडे लागली. वन्स मोअरचे वेड आले तसे गेले. पुलाचा प्रसंग होता, पण त्यात फुंकऱ्या हसत हसत बस पार करत होता, आणि त्यावर कुणी कशाला ओरडेल? समीक्षकांनी लिहिले की मुलांना घेऊन बघण्याजोगा आनंददायी चित्रपट, मात्र सुरुवातीच्या दिवसांतली कसलीशी धार बोथट झाली आहे. यामिनी वाटवेने नोकरी सोडली. तिने सोडली म्हणून काही थांबले नाही. वजा केलेली दाद कंपनीने पुसून टाकली नव्हती, तिचा अभ्यास चालू होता. पुढच्या चित्रपटाच्या बैठकीत कुणीतरी विचारले म्हणतात, की नट निवडताना त्याच्या घरी कोण कोण आहे याचीही चौकशी का करू नये.

रत्नाकाकू रविवारी दुपारच्या खेळाला गेल्या. दस्तगीरभाई म्हणाले होते, कशाला जाता. त्या म्हणाल्या, जगवलाय तर बघू दे की एकदा. चित्रगृह बायका-मुलांनी भरले होते. फुंकऱ्या खांदे पाडून चालला, सगळे दात दाखवून हसला, त्याने विझव्याला दिव्यांच्या माळेत गुंडाळून टाकले. पोरे खुर्च्यांवर उभी राहून मुठी फुंकत होती. शेवटी तो गावाच्या वेशीवर उभा राहिला, धडधाकट, कुठे ओरखडाही नाही, आणि सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काकूंनीही टाळ्या वाजवल्या.

शेजारी एक तरुण बाई मांडीवरच्या मुलीला घेऊन बसली होती. तिने डोळे पुसले आणि हसून काकूंकडे वळली. “बरं झालं बाई, वाचला. मागच्या वेळी आले होते तर मारलाच होता त्याला. माझं लेकरू रात्रभर रडत होतं.”

“हो, बरं झालं,” काकू म्हणाल्या.

“आपल्या सांगलीचाच पोरगा आहे म्हणतात. तुम्हाला माहितीय का कोणाचा?”

काकूंनी पडद्याकडे पाहिले. तो अजून तिथे हात हलवत उभा होता. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि त्याच्या चेहऱ्याकडे अगदी नीट, निरखून पाहिले.

“नाही हो,” त्या म्हणाल्या. “मी नाही ओळखत.”